मृगाच्या आधीची आवराआवर

नौतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की इंदुरातल्या बागवाल्या वाचकांच्या पत्रांचा सूर ठरलेला: सगळं वाळलं, आता काय लावू? माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही, कारण ते ‘आधी काढा’ असं असतं.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. काही औषध? (टिळक नगर)

औषध नाही. पारा 38च्या वर गेला आणि रात्रीही हवा निवली नाही की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. उरलेल्या हिरव्या टोमॅटोंची चटणी करा, झाड उपटा. शेजारचं वांगं मात्र राहू द्या. पहिला चांगला पाऊस झाला की वीतभर खुंट ठेवून छाटा, बुंध्याशी मुरलेलं शेणखत घाला. दीड-दोन महिन्यांत पुन्हा वांगी लागतील. शेंडे अळीने पोखरलेले असतील तर मात्र मोह सोडा.

एकाच वेलाची दोन गिलकी (घोसाळी) कडू निघाली. नीट शिजवली तर चालतील ना? (सुदामा नगर)

नाही चालणार, ताई. हा कडूपणा शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. दुधीच्या बाबतीत तर जिवावर बेतू शकतं. चिरताना कच्ची चकती जिभेला लावून पाहा, कडू लागली की थुंका आणि फळ टाका. त्या वेलाचं बीही धरू नका. दुसऱ्या वेलावर एखादं गिलकं जून होऊ द्या. वाळून हलवल्यावर खुळखुळ वाजलं की बी तयार.

सराफ्यातला गराडू घरी होईल का? कधी लावायचा? (रामबागेतल्या आजी)

होतो, आजी, आणि वेळ हीच. गराडूची, म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत तळून मिळणाऱ्या कंदाची, आठवण आपल्याला थंडीत होते, तेव्हा लावणीला सहा महिने उशीर झालेला असतो. कंदाचे दीडशे-दोनशे ग्रॅमचे तुकडे करा, प्रत्येकाला साल हवी. कापलेल्या बाजूला राख चोळून दोन दिवस सावलीत ठेवा, मग चार बोटं खोल लावा आणि वर पाचोळा पसरा. पाणी बेतानेच, नाहीतर तुकडा कुजेल. वेल चांगलाच चढतो, त्याला दोरी किंवा जाळी द्या. गच्चीवर असाल तर कुंडीपेक्षा मातीने भरलेलं मोठं पोतं बरं. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून वेल वाळला की खणा. सोलताना हाताला तेल लावायला विसरू नका, खाजेने हैराण व्हाल.

हळदही याच आठवड्यात लावून टाका.

अंगणात कडुनिंबाचा ढीगभर पाचोळा आहे. खतासाठी खड्डा खणू का? (स्नेहलता गंज)

हा प्रश्न इंदुरातून यावा याची मला गंमत वाटते. 1924 ते 1931 या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथेच होते. आज कृषी महाविद्यालय आहे तिथेच, सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत, त्यांनी कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यांचे खड्डे दोनच फूट खोल असत, आणि पावसाळ्यात तेही नसत: खड्ड्यात पाणी साचलं की हवा कोंडते आणि सगळं सडतं. म्हणून तुम्हीही आता खणू नका, जमिनीवर ढीग रचा. पाचोळ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, थोडी माती आणि चुलीची राख, पुन्हा पाचोळा. ढीग रचल्यापासून साधारण पंधरा दिवसांनी पहिल्यांदा उलथा, मग महिना झाल्यावर, मग दोन महिने झाल्यावर. तीन महिन्यांत खत होतं, म्हणजे भाद्रपदातल्या मेथी-पालकाला अगदी वेळेवर.

मृग लागला की लगेच भेंडी पेरू का? (लोकमान्य नगर)

मृग 7-8 जूनला लागतो. आपल्याकडे पाऊस मात्र बहुधा महिन्याच्या मध्यानंतरच टिकून पडतो. काळ्या मातीत बोट खुपसून पाहा. पूर्ण बोटभर ओल लागली तरच पेरा. बी रात्रभर भिजवा, पेरल्यावर वरून मातीऐवजी चाळलेलं खत टाका, कारण जोराच्या सरीनंतर काळी माती पापडी धरते आणि अंकुर खालीच अडकतो. मागच्या वर्षी वळवाच्या एका सरीला भुलून मीच घाई केली होती. आठ दिवसांत माती भेगाळली आणि दुकानदाराने दुसरं पाकीट देताना विचारलं, ‘क्यों भिया, फिर से?’