टीचर, आमच्या बायकडे सर्टिफिकेटं नाहीत

दर वर्षी पाऊस धरला की माझ्याकडे बारावीच्या मुलांचे आईवडील यायला लागतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मार्क बरे आहेत, पण बाकी काहीच नाही.’ बाकी म्हणजे ऑलिम्पियाड, वक्तृत्वाचे कप, एनजीओचं काम, इंटर्नशिप. गेल्या आठवड्यात एका आईने मेसेज करून पुन्हा हेच विचारलं. मुलाने अभ्यासाशिवाय काही केलेलंच नाही, मग कॉलेज-प्रवेशाच्या अर्जात लिहायचं काय? तिला फोनवर थोडक्यात सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट नीट लिहून काढते आहे. मुलीची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी तिला सगळे ‘बाय’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

ती माणसं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्याही पुढची. वडील बसवर कंडक्टर, घराला लागून लहानसं कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग. दोन बस बदलून, भिजत, तिघं फोंड्याला आली होती. वडिलांनी खिशातून चार घड्या घातलेलं एक पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. ‘प्रोफाइल बिल्डिंग’ करून देणाऱ्या कुणाचं तरी होतं. सहा आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप, एक ‘रिसर्च पेपर’, तीन सर्टिफिकेटं. पैसे त्यांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढे. ‘टीचर, भरू का?’ त्यांनी विचारलं. पतपेढीत कर्जाचं बोलूनही ठेवलं होतं.

मी म्हटलं, थांबा. विकत घेतलेली सर्टिफिकेटं अर्ज वाचणाऱ्यांनी ढिगाने पाहिलेली असतात. त्यातून मुलगी काय करते, काय विचार करते, यातलं काहीच कळत नाही. आणि मुलाखतीत त्या ‘पेपर’वर दुसरा प्रश्न आला की पोर गप्प बसते. मी हे समोर बसून पाहिलेलं आहे. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

बायला मी एकच काम दिलं. एक आठवडा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय केलंस ते तासागणिक लिहून आण. चांगलं-वाईट ठरवू नकोस, फक्त लिही.

पुढच्या रविवारी ती दोन पानं घेऊन आली. पहाटे साडेपाचला उठून आजीला गरम पाणी, औषध. मग कुळागरातल्या पाटात अडकलेला पालापाचोळा काढणं. संध्याकाळी धाकट्या भावाचं गणित. बुधवारी आईबरोबर बाजारात केळी आणि पानं. शनिवारी देवळात भजनाला पेटी. मी बेरीज केली, आठवड्याला सतरा तास भरले. आई पानाकडे बघून म्हणाली, ‘हे तर घरचं काम. हे कसलं लिहायचं?’ आणि मग कोकणीतून, स्वतःशीच, ‘पूण सर्टिफिकेट खंय आसा?’ पण सर्टिफिकेट कुठे आहे?

अमेरिकेतली शेकडो विद्यापीठं ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच ऑनलाइन अर्ज स्वीकारतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी जास्तीत जास्त १० रकाने असतात. प्रत्येकात आठवड्याचे किती तास, वर्षाचे किती आठवडे, हे आकड्यात विचारतात. आणि प्रकार निवडायच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा स्वतंत्र प्रकार आहे. मी लॅपटॉप फिरवून आईला ती ओळ दाखवली. तिने दोनदा वाचून घेतली. अर्ज तयार करणाऱ्यांना ठाऊक असतं की सगळ्यांच्या घरी मोलकरीण आणि ड्रायव्हर नसतो. आजीला सांभाळणारी मुलगी सुट्टीत रोबोटिक्सच्या शिबिराला जाऊ शकली नाही, हे त्यांना कळायचं असेल तर तिने ते लिहायला मात्र हवं.

तरीही एवढ्यावर अर्ज उभा राहिला नसता. घरकाम अनेक मुलं करतात. त्या दोन पानांत मंगळवारी रात्रीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘माटोळीची वही, अर्धा तास’. हे काय, म्हणून विचारलं. ती लाजली. ‘काही नाही टीचर, आजीसाठी करते.’

वही पुढच्या खेपेला आली. शंभर पानी, कव्हरावर हळदीचा डाग. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, शेंगा, वेली बांधतात. तीच माटोळी. कांगणीचे घोस, कवंडळं, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा, अंबाडे, तोरिंगं, सुपारीची शिपटी. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. बायची आजी हे सगळं डोंगरातून आणायची. बाय सातवीत होती तेव्हा आजीचे गुडघे गेले. मग आजी उंबऱ्यावर बसून सांगायची कुठे काय मिळेल, आणि बाय आणायला जायची. विसरू नये म्हणून तिने लिहायला सुरुवात केली. पहिल्या रकान्यात वस्तूचं नाव, आजीच्या तोंडचंच. दुसऱ्यात जागा: ‘देवराईमागे, मोठ्या दगडाकडे’. तिसऱ्यात तारीख. चौथ्यात मिळाली तर टिंब, नाही मिळाली तर फुली.

सहा चवथींच्या सहा याद्या. एकूण ३८ वस्तू. मी पानं उलटत गेले तशा फुल्या वाढत गेल्या. कांगणी आधी देवराईमागे होती, चौथ्या वर्षी तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘काजू लावायला रान साफ केलं. ओढ्यापलीकडे मिळाली.’ शेवटच्या यादीत ११ फुल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मार्क देणार नव्हतं, आणि ही मुलगी सहा वर्षं आपल्या गावातल्या रानाची हजेरी घेत होती. मी जरा वेळ काही बोललेच नाही. आईला वाटलं काही चुकलं.

कॉमन ॲपमधल्या रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. ‘निसर्गाची आवड, सणांत सहभाग’ असं बायने आधी लिहिलं होतं. आम्ही ते पुसून लिहिलं: सहा वर्षं माटोळीच्या रानवस्तूंची नोंद, जागा, तारीख, आजीकडून ३८ नावं, ११ वस्तू आता गावात मिळत नाहीत. वहीत जे आहे त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. ‘संशोधन प्रकल्प’ असं नाव द्यायचा मोह तिच्या मावसभावाला झाला होता, मी देऊ दिलं नाही.

शिफारसपत्रांचं थोडं सांगायला हवं, कारण तिथे आपल्याकडची चांगली मुलं हकनाक मार खातात. आपले शिक्षक मनापासून लिहितात, पण लिहितात काय? ‘प्रामाणिक, आज्ञाधारक, मेहनती.’ वर्गातल्या चाळीस जणांना चालेल असं पत्र. बायला मी बायोलॉजीच्या टीचरकडे पाठवलं ते एक पान बरोबर देऊन. त्यात त्यांच्या वर्गात घडलेल्या तीन गोष्टींची आठवण होती, विशेषणं नव्हती. त्यांतली एक अशी: अकरावीत हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, सगळ्यांनी जास्वंद आणि सदाफुली आणली, तेव्हा बायने सहा रानवनस्पती आणल्या होत्या आणि फक्त गावातली नावं सांगितली होती. मग दोघींनी बसून शास्त्रीय नावं शोधली होती. टीचरना ते आठवलं. त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. पण ‘दोन रात्री लागल्या लिहायला’ एवढं त्यांनी मला भेटल्यावर सांगितलं.

मग निबंध. मर्यादा ६५० शब्दांची. बायची प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, गोव्यातल्या बहुतेक सरकारी शाळांतल्या मुलांसारखीच. तिला भीती होती की आपलं इंग्रजी साधं आहे. पहिला मसुदा आला तो ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ’ या चालीचा. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, आधी मराठीत लिही, आजीला वाचून दाखवता येईल असं. चार पानं आली. पहिलं वाक्य होतं, ‘आजीला आता डोंगर चढवत नाही, म्हणून ती मला डोंगर सांगते.’ पुढे एका चवथीच्या आदल्या दिवसाचं वर्णन: धो धो पाऊस, पायाला लागलेल्या जळवा, कांगणी न मिळाल्यामुळे रिकामी पिशवी घेऊन परतताना आजीला काय सांगायचं याची धाकधूक. आजीने फक्त विचारलं, ‘कुठपर्यंत बघून आलीस?’

तिने ते स्वतः इंग्रजीत उतरवलं. इथे माझ्याकडून चूक झाली, ती लिहितेच. मसुदा रात्री घरी नेला आणि मी तो ‘सुधारला’. जैवविविधता आणली, पारंपरिक ज्ञान आणलं, शेवटच्या परिच्छेदात ‘रेझिलियन्स’ घातलं. दुसऱ्या दिवशी बायने ते शांतपणे वाचलं आणि बोट ठेवून विचारलं, ‘टीचर, ह्याचा अर्थ काय?’ ज्या शब्दाचा अर्थ लिहिणारीलाच विचारावा लागतो, तो तिच्या निबंधात कशाला? माझे सगळे फेरफार मी तिच्यासमोर खोडले. स्पेलिंग, काळ, एखादा अडखळणारा जोड एवढंच ठेवलं. तेव्हापासून मी मुलांच्या मसुद्यावर पेन चालवत नाही, समासात प्रश्न लिहिते. ‘तेव्हा तू काय केलंस?’ ‘हे तुला कधी कळलं?’ एआयकडून लिहून आणणाऱ्यांनाही हेच सांगते. कॉमन ॲपच्या नियमांत तसा मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणूक धरतात, हे तर आहेच. पण समासातल्या माझ्या प्रश्नांना त्या निबंधाकडे उत्तरच नसतं, हे जास्त वाईट.

निबंध सगळीकडे असाच चालतो असं मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये यूकॅस या संस्थेमार्फत विद्यापीठांना एकच अर्ज जातो, तो वेगळा. २०२६ च्या प्रवेशापासून तिथे एका लांब निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत, तिन्ही मिळून ४००० अक्षरं, आणि पाच अभ्यासक्रम निवडता येतात. त्यांना पाहायचं असतं की तुम्ही निवडलेल्या विषयासाठी काय वाचलंत, काय शिकलात. तिथे आजी दोन ओळींत आटोपायची आणि वनस्पतिशास्त्र पुढे आणायचं. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश, तिथे निबंधाला जागाच नाही. आणि आपल्या गोव्यातल्या कॉलेजांत बीएस्सीला बारावीचे मार्क पुरतात. मुलाने कुठे अर्ज करायचा हे ठरवण्याआधीच निबंध लिहायला बसवणारे पालक मला दर वर्षी भेटतात.

पैशांचं मी पहिल्याच महिन्यात स्पष्ट बोलले. परदेशी विद्यार्थ्याला किती मदत लागणार हे अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं प्रवेश ठरवताना बघतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं ते बघत नाहीत, आणि तिथे प्रवेश मिळणं किती कठीण ते वेगळं सांगायला नको. म्हणून यादी अशी केली: अमेरिकेतली चार, अझीम प्रेमजी आणि अशोका विद्यापीठ, कारण दोन्हीकडे घरच्या उत्पन्नानुसार फी-सवलत आहे आणि मुलाखतही होते, आणि जवळचं एक कॉलेज, जिथे तिला मनापासून शिकायला आवडलं असतं. शेवटचं नाव भरपाई म्हणून घालायचं नाही, यावर मी हटून बसले. वडिलांनी पत्रकाचे पैसे भरले नाहीत. ते एका जुन्या लॅपटॉपला गेले.

अमेरिकेतून चारही नकार आले. एकेका रात्री एकेक, आणि बोर्डाची परीक्षा त्याच दिवसांत. ते दिवस तिला जड गेले, मलाही. भारतातल्या दोनपैकी एका ठिकाणाहून बोलावणं आलं. मुलाखतीत तिला विचारलं की फुल्या पडलेल्या वस्तू खरंच नाहीशा झाल्या, की तू चुकीच्या जागी शोधत होतीस? ती म्हणाली, मला खात्री नाही, कारण मी वर्षातून एकच दिवस जाते. खात्री करायची तर दर महिन्याला जायला हवं. प्रवेश मिळाला, फी जवळजवळ सगळी माफ झाली. वही आता धाकटा भाऊ भरतो. त्याचं अक्षर वाईट आहे अशी तिची तक्रार आहे.

गेल्या आठवड्यात मेसेज केलेल्या त्या आईला मी मुलाचा आठवडा तासागणिक लिहून पाठवायला सांगितलं होतं. काल रात्री पान आलं. जवळपास सगळं ट्यूशन, मोबाइल, झोप. पण दोन ठिकाणी, दोन वेगळ्या वारी आणि दोन वेगळ्या वेळी, ‘आबांबरोबर मानशीवर जाळं’ असं लिहिलंय. गाव नदीकाठचं आहे, खाजनाचं, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचं. मानस म्हणजे त्या बांधातलं, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. खाली आईने घातलंय, ‘हे सोडून द्या टीचर, हे मासे खायला.’ मी तिला उलट लिहिलं की मुलाला एक विचारा: एकदा रात्री साडेदहा, एकदा पहाटे सव्वातीन, मानशीचं दार कधी उघडायचं हे तो कशावरून ठरवतो?