जुन्या ट्रकचा कंपनीचा मूळ रंग फिका पडलाय. पूर्ण पेंट न करता टिकवता येईल का?

नक्की येईल. आधी पांढऱ्या फडक्यावर रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा निस्तेज थर घासून काढणारी पेस्ट) घेऊन एक कोपरा घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, म्हणजे रंगच घासून उजळता येतो. हलक्या हाताने कंपाउंड, मग वॅक्स, की बरीच चमक परत येते. कडांवर जोर नको, तिथे थर पातळ असतो.

खरा शत्रू गंज. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो रंगाखालून पसरतो. फुगलेला भाग १२० नंबरच्या सँडपेपरने कोरा पत्रा दिसेपर्यंत घासा, लगेच इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून वाचवणारं अस्तर) मारा, मग रंग. शेड मात्र पॉलिश झालेल्या भागाशीच जुळवून घ्या, कंपनीच्या नुसत्या रंग-कोडवर जाऊ नका. आणि हे पावसाळ्याआधी उरका. दमट हवेत थिनर घालून मारलेला रंग पांढरट पडतो.