वकिलांच्या फर्मच्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरला तर ती माहिती गोपनीय राहते का?

तुम्ही विचारलंय की फर्मच्या साइटवर 'तुमची केस सांगा' असा फॉर्म आहे, खाली प्रायव्हसी पॉलिसीची लिंकही आहे, तर घरातल्या वादाची सगळी हकीकत तिथे लिहायला हरकत आहे का. हरकत आहे. नाव, ईमेल आणि 'कौटुंबिक बाब' एवढंच लिहा. बाकीचं वकिलासमोर बसून सांगा.

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ एका फर्मचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळलं. रोजचा बोर्ड म्हणजे त्या दिवशी कोर्टात लागलेल्या केसेसची यादी, पुढच्या तारखा, वकालतनामे, अशिलांचे फोन, आणि साइट सुरू झाल्यापासून तिच्यावरून येणाऱ्या चौकश्याही. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, विरुद्ध बाजूचं नाव, विषयांची यादी आणि शेवटी एक भलामोठा चौकोन होता, 'थोडक्यात हकीकत' असा. थोडक्यात कुणीच लिहीत नाही. घर झोपल्यावर लोक लिहायला बसतात आणि सासूपासून बँकेच्या लॉकरपर्यंत सगळं लिहून मोकळे होतात. सकाळी ते वाचणारी पहिली व्यक्ती मी, आणि माझ्याकडे वकिलीची सनद नाही.

एका बाईंनी असंच सगळं लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत स्पष्ट होतं, 'कृपया फोन करू नये, ईमेलवर उत्तर द्यावे.' पण मोबाइलच्या रकान्यावर लाल चांदणी. नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नव्हता, म्हणून त्यांनी घरात जो एक फोन सगळे वापरायचे त्याचा नंबर दिला. फॉर्म गेल्याबरोबर सिस्टीमनं आपोआप त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप पाठवला. फर्मचा लोगो आणि खाली, 'घटस्फोट व पोटगी या विषयावरील आपली चौकशी मिळाली.' मी ऑफिस उघडून मेल बघायच्या आधीच लँडलाइन वाजला. पुरुषाचा आवाज. "माझ्या बायकोनं तुम्हाला काय लिहिलंय?" अशी कुठलीही माहिती फोनवर देत नाही, एवढं बोलून मी फोन ठेवला. नंतर त्या बाई आपल्या भावाला घेऊन ऑफिसला आल्या, तेव्हा कळलं की फोन त्याच सकाळी त्यांच्या हातातून काढून घेतला होता. पुढचं मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

त्याच आठवड्यात मी सीनियर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, लाल चांदणी काढा, व्हॉट्सअ‍ॅप बंद करा, तो चौकोन काढा. साहेबांचं उत्तर तयार होतं. "डिस्क्लेमर आहे ना आपला. फॉर्म भरल्यानं वकील-अशील नातं निर्माण होत नाही, असं लिहिलंय. त्यांनी टिक केलंय." मग मी साइटची प्रायव्हसी पॉलिसी छापून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यात एक वाक्य होतं की तुमची ऑर्डर वेळेत पोहोचावी म्हणून तुमचा पत्ता आम्ही कुरिअर कंपनीला देऊ. वकिलांच्या साइटवर! साइट बनवणाऱ्या एजन्सीनं कुठल्या तरी दुकानाची पॉलिसी उचलून नाव बदलून चिकटवली होती, आणि कागदातली एक ओळ इकडची तिकडे झाली तर ज्युनिअरला तासभर बोलणाऱ्या साहेबांनी ती एकदाही वाचली नव्हती.

साइटवर दुसरंही बरंच काही होतं. चौकश्यांच्या इनबॉक्सचा पासवर्ड एजन्सीकडे, ज्युनिअरांकडे आणि दर उन्हाळ्यात येणाऱ्या इंटर्नकडेही होता. प्रत्येक पानावर फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे कोण काय बघतंय ते फेसबुकला कळवणारा न दिसणारा कोड, बसवलेला. म्हणजे कुणी घटस्फोटाचं पान नुसतं उघडलं, एक अक्षर लिहिलं नाही, तरी त्या पानाचा पत्ता फेसबुककडे जातो आणि तिथल्या खात्याशी जोडता येतो. पॉलिसीत हे 'आपला अनुभव सुधारण्यासाठी' या शब्दांत येतं. ते शब्द दिसले की पुढे काहीही भरू नका.

आता कायदा. वकील अशिलाची गोष्ट बाहेर सांगू शकत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टमध्ये ते १२६ होतं. वकिलाच्या कारकुनाला आणि नोकरांनाही ते लागू आहे आणि काम संपल्यावरही सुटत नाही. पण हे संरक्षण वकील म्हणून काम करताना झालेल्या संभाषणाला आहे. साहेबांचा डिस्क्लेमर नेमका तिथेच बोट ठेवतो. हकीकत पूर्ण घ्यायची आणि नातं मात्र नाकारायचं, याला मी तेव्हाही लबाडी म्हटलं होतं, आजही म्हणते.

२०११ च्या आयटी नियमांत 'संवेदनशील' माहितीची यादी आहे. पासवर्ड, बँकेचा तपशील, आजारपण, बायोमेट्रिक वगैरे. नवऱ्याशी चाललेलं भांडण किंवा पोलिसांत झालेली तक्रार त्यात कुठेच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा जास्त बरा आहे. कामापुरतीच माहिती घ्या, कशासाठी घेताय ते आधी सांगा, आणि ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, असं तो म्हणतो. माहिती नीट जपली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरावी लागत असेल तर त्यात सूटही आहे. तेव्हा नुसत्या कायद्याच्या भरवशावर फॉर्म भरू नका.

बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटला परवानगी मिळाली ती नाव-पत्ता-फोन, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. माझं मत विचाराल तर मोठा चौकोन आणि पिक्सेल त्यात बसत नाहीत. साहेब म्हणायचे, लोक आपणहून लिहितात. लिहितात, कारण चौकोन तुम्ही समोर ठेवलाय आणि वर 'निःसंकोच सांगा' लिहिलंय. अखेर व्हॉट्सअ‍ॅप बंद झाला. चांदणी आणि चौकोन मी असेपर्यंत तसेच होते.

विरुद्ध बाजूचं नाव विचारलं तर मात्र बिचकू नका. समोरचा माणूस आधीच त्या फर्मचा अशील असेल तर ते तुमचं काम घेऊ शकत नाहीत, म्हणून ते विचारणं योग्यच आहे, फक्त फोनवर विचारलेलं बरं. सगळ्या फर्म आमच्यासारख्या नसतात हेही खरं. साइटवर फक्त पत्ता, फोन आणि सनद क्रमांक ठेवणारे वकील मला माहीत आहेत आणि मी लोकांना त्यांच्याकडेच पाठवते. तुम्ही फॉर्म आधीच भरला असेल तर आजच ईमेल करा, माझी चौकशी पुसून टाका आणि तसं लेखी कळवा म्हणून. आणि तुम्ही बाई असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. हेल्पलाइन १५१०० आहे, फक्त फोन घरच्या मोबाइलवरून करू नका.