कुकीजमध्ये संत्र्या-लिंबाचा स्वाद का उतरत नाही?

तुम्ही लिहिलंय की पिठात भरपूर संत्र्याचा रस घालूनही कुकीजना वास येत नाही, उलट त्या पसरतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. शिवाय तुम्हाला बाटलीतला इसेन्स घालायचा नाहीये. इसेन्सची गरजच नाही. पिठातला रस पूर्ण बंद करा आणि त्याऐवजी साल घाला.

संत्र्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो रसात फारसा नसतो. तो असतो सालीतल्या तेलात. लहानपणी संत्र्याची साल दुमडून भावंडांच्या डोळ्यांत पिचकारी मारली असेल, तर ती त्या तेलाचीच. सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात, त्यांच्या आत ते साठलेलं असतं. रस म्हणजे बहुतेक सगळं पाणी, थोडी साखर आणि सायट्रिक आम्ल. हे पाणी मैद्यात गेलं की ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, तयार होतं आणि खुसखुशीत बिस्किटाच्या जागी मऊ, केकसारखं काहीतरी हाती येतं. त्यात तुम्ही खाण्याचा सोडा घालत असाल, तर आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि उरलासुरला आंबटपणाही जातो.

आता फळ कोणतं घ्यायचं ते. मंडईत नागपुरी संत्री आंबिया बहाराची ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतात. कुकीज करायचा खरा मोसम तोच. साल घट्ट, चकचकीत आणि जड वाटणारं फळ बघून घ्या. फार सैल, पोकळ सालीचं संत्रं किसताना हातात नुसतं चुरगळतं. मोसंबी किसायला सोपी, पण तिचा सुवास इतका सौम्य की भाजल्यावर जवळजवळ शिल्लक राहत नाही, म्हणून मी ती घेत नाही. लिंबू मात्र बारा महिने मिळतं, आणि माझ्या मते एकट्या संत्र्यापेक्षा संत्रं आणि लिंबू मिळून स्वाद जास्त खुलतो. कधी ईडलिंबू दिसलं तर जरूर घ्या, त्याची जाड साल किसायला सोयीची पडते. आणि उन्हाळ्यात लिंबं महागतात तेव्हा सरबतासाठी आणलेल्या लिंबांची साल फेकू नका. पिळण्याआधी किसून घ्या, पिळल्यावर किसता येत नाही.

फळाला मेणाचा थर दिलेला असू शकतो, म्हणून आधी गरम पाण्यात चोळून धुवा आणि कोरडं पुसा. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या. फळ अख्खं असतानाच हलक्या हाताने एकदाच ओढायचं आणि लगेच फिरवायचं. त्याच जागेवरून पुन्हा ओढलं की खालचा पांढरा भाग येतो, आणि तो कडू. कागदी लिंबाची साल पातळ असल्याने तिथे जास्तच सांभाळावं लागतं.

प्रमाण सोपं आहे: साखर 60 ग्रॅम, लोणी 120 ग्रॅम, मैदा 180 ग्रॅम, एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल. अंडं लागत नाही, सोडाही नाही. साखर मिक्सरमधून एकदाच फिरवून थोडी बारीक करा, त्यात कीस घाला आणि बोटांनी चोळा. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, फिकट केशरी दिसू लागते आणि सगळ्या स्वयंपाकघरात घमघमाट सुटतो. ही पायरी अजिबात गाळू नका. साखरेच्या कडा सालीतलं तेल बाहेर काढतात, आणि पुढे लोणी ते धरून ठेवतं, कारण हे तेल पाण्यात नाही, स्निग्धात मिसळतं.

लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. बाजारातलं खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. घरचं लोणी वापरणार असाल तर त्यातलं ताक दाबून दाबून काढा, नाहीतर पाण्याचा प्रश्न पुन्हा तिथेच येईल. साखर-लोणी फेसून मैदा घालायचा आणि गोळा जमेपर्यंतच मिसळायचं, पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हे फारच गरजेचं, नाहीतर लाटताना लोणी सुटायला लागतं.

जाडसर लाटून कापा. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आधी तापवून 170 अंश सेल्सियसवर मधल्या खणात 12 ते 15 मिनिटं भाजा. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना मऊ लागतात, ट्रेमध्येच गार होऊ द्या म्हणजे घट्ट होतात. जास्त लाल केल्या तर भाजल्याचा वास वर येतो आणि संत्रं मागे पडतं.

आणि आंबटपणा? त्यासाठीच रस राखून ठेवायचा. 100 ग्रॅम पिठीसाखरेत तीन-चार छोटे चमचे लिंबाचा रस घालून दाटसर करा आणि पूर्ण गार झालेल्या कुकीजवर पातळ पसरा. तासाभरात थर वाळतो. हा रस भट्टीत जातच नाही, त्यामुळे चव ताजी राहते. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने हा थर चिकट राहतो, म्हणून त्या दिवसांत खायच्या दिवशीच लावा आणि बाकीच्या कुकीज कोऱ्याच डब्यात ठेवा.

जाता जाता, पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं तुम्हाला माहीत असतीलच. श्रूजबेरी हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव, आणि तिकडच्या श्रूजबेरी बिस्किटांच्या बऱ्याच कृतींमध्ये लिंबाची किसलेली साल असते. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं बिस्कीट पुणेकरांना आवडतं त्याच जातकुळीचं आहे. तुमच्याकडे ओटीजी नसून कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तापमान दहा अंश कमी ठेवा आणि दहाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा.