फोटो विचारून काढावा की न विचारता?

प्रश्न : सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजी-फुलांच्या बाजारात फोटो काढतो. विचारलं की माणूस केस सारखे करून ताठ उभा राहतो. न विचारता काढला की कुणीतरी अंगावर येतं. म्हणून हल्ली पलीकडच्या बाजूने ७०-२०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावतो. कायद्याला हे चालतं का? (वाचक, नौपाडा)

उत्तर : रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लक्षात ठेवा. संमतीशिवाय कुणाच्या शरीराचा खासगी भाग टिपणं गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ‘जागा सार्वजनिक होती’ ही पळवाट तिथे चालत नाही. जिन्याखालून, वाकलेल्या बाईचा, असले फोटो त्यात येऊ शकतात.

तुमचं खरं दुखणं लेन्सचं आहे. लांबून रोखलेली मोठी नळी पाळतीसारखीच वाटणार, आणि माणसं चिडतात ती लपवाछपवीवर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ एमएमची लेन्स लावा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, फोकस ३ मीटरवर ठेवा. साधारण २ ते ७ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, डोळ्याला कॅमेरा लावून घुटमळावं लागत नाही. शटरचा वेग १/२५० सेकंद तरी हवा. ताडपत्रीखाली त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० च्या पुढे न्यावा लागेल, फोटोत दाणे दिसले तर दिसू देत. कॅमेरा गळ्यात उघडा ठेवा, आधी पावशेर झेंडू घ्या, मग विचारा. पहिला ताठ फोटो मनापासून काढा आणि तिथेच उभे राहा. गिऱ्हाईक आलं की फुलवाल्याचे हात पुन्हा लांब सुईकडे जातात, फुलं दोऱ्यावर सरकू लागतात. हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो, तोही परवानगीने. पुढच्या खेपेला ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन द्या.

प्रश्न : ठाण्याच्या तलावपाळीवर खेळणाऱ्या मुलाचा फोटो काढला. आईने डिलीट करायला सांगितलं. करायलाच हवा होता का? (वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : हो, आणि वाद न घालता. तुमचा फोन हिसकावण्याचा हक्क त्यांना नाही, पण मुलाच्या बाबतीत पालकाचा नकार पुरेसा आहे. नुसतं डिलीट दाबून भागत नाही. आयफोनवर फोटो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस पडून राहतो, गुगल फोटोजवर बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस. तोही त्यांच्यासमोर रिकामा करून दाखवा.

परवानगी मिळाली तरी गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, सोसायटीची पाटी चौकटीत नको. फोटो नेटवर टाकण्याआधी त्यातलं लोकेशन पुसून टाका. फुटपाथवर झोपलेला किंवा नशेत पडलेला माणूस नाही म्हणूच शकत नाही, तेव्हा तो फोटो सोडा, कितीही पुरस्कार मिळणार असला तरी. जाहिरातीसाठी फोटो द्यायचा असेल तर तोंडी होकारावर विसंबू नका. नाव, तारीख, कशासाठी वापरणार हे मराठीत लिहून सही घ्या.