जुन्या हॉकी कार्डावरचा बिल बॅरिलको कोण? त्याची पुढची कारकीर्द कशी झाली?

तुम्ही लिहिलंय की टोरंटोला राहिलेल्या काकांच्या ट्रंकेत पार्कहर्स्ट कंपनीचं, खेळाडूंची चित्रं असलेल्या संग्राह्य कार्डांपैकी १९५१-५२ चं एक छोटं आइस हॉकी कार्ड निघालं, त्यावर बिल बॅरिलकोच्या गोलचा प्रसंग छापलाय, आणि त्याची पुढची कारकीर्द तुम्हाला जाणून घ्यायची आहे.

पुढची कारकीर्द नाहीच. ज्या हंगामासाठी ते कार्ड निघालं, तो सुरू व्हायच्या आधीच बॅरिलको बेपत्ता झाला होता.

मी बरीच वर्षं ऑन्टॅरिओत राहतो. टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बर्फावरची ही धक्काबुक्की कळायला दोन हिवाळे गेले, पण बॅरिलकोची गोष्ट पहिल्याच हिवाळ्यात कानावर आली.

जन्म १९२७ चा, गाव टिमिन्स, ऑन्टॅरिओच्या उत्तरेकडचं, सोन्याच्या खाणींचं. कॅलिफोर्नियातल्या हॉलिवूड वुल्व्ह्ज संघाकडून (हो, तेच हॉलिवूड!) खेळत असताना फेब्रुवारी १९४७ मध्ये टोरंटो मेपल लीफ्सनी त्याला बोलावून घेतलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. खेळायचा डिफेन्सला. समोरून पक (बर्फावर सरकणारी रबरी चकती, इथला चेंडूच म्हणा) घेऊन येणाऱ्याला कमरेच्या धक्क्यानं आडवं करणं ही त्याची खासियत. २५२ सामन्यांत गोल फक्त २६, पण शिक्षा म्हणून बाहेर बसला ४५६ मिनिटं, म्हणजे साडेसात तासांहून जास्त! तरी पाच हंगामांत चार स्टॅनले कप, म्हणजे इथल्या हॉकीचा सर्वोच्च करंडक, जिंकले. हे भल्याभल्यांना जमत नाही.

आता कार्डावरचा गोल. १९५१ ची अंतिम फेरी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सशी होती आणि पाचच्या पाच सामने ओव्हरटाइमपर्यंत गेले. २१ एप्रिलला पाचव्या सामन्यात टोरंटो १-२ नं मागे, शेवटची ३२ सेकंद उरलेली, तेव्हा टॉड स्लोननं बरोबरी केली. ओव्हरटाइमच्या तिसऱ्या मिनिटाला बॅरिलको आपली जागा सोडून पुढे धावला आणि तोल जाता जाता पक मारला. पक गोलरक्षक जेरी मॅकनीलच्या वरून जाळ्यात. कप टोरंटोचा.

चार महिन्यांनी, ऑगस्टअखेरीस, तो एका डेंटिस्ट मित्राच्या छोट्या विमानातून उत्तरेला मासेमारीला गेला. परतताना विमान नाहीसं झालं. हवाई दलानं प्रचंड शोध घेतला, हाती काही लागलं नाही. मग काय, अफवांना ऊत आला: सोन्याची तस्करी करत होता, रशियात जाऊन हॉकी शिकवतोय, वगैरे. अखेर जून १९६२ मध्ये उत्तर ऑन्टॅरिओतल्या कॉक्रेन गावाच्या उत्तरेला घनदाट जंगलात विमानाचे अवशेष आणि दोघांचे सांगाडे सापडले.

मधल्या अकरा वर्षांत लीफ्सना एकदाही कप मिळाला नव्हता. मिळाला तो नेमका एप्रिल १९६२ मध्ये, म्हणजे तो सापडायच्या दोनच महिने आधी. इथले लोक हे आवाज खाली आणून सांगतात. मला विचाराल तर शाप वगैरे काही नाही. आधी डेट्रॉइट जोरात होतं, मग १९५६ ते १९६० सलग पाच वर्षं मॉन्ट्रियलनं कुणाला कपाजवळ फिरकूच दिलं नाही. लीफ्सनी त्याच्या जर्सीचा ५ नंबर मात्र कायमचा निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं.

कार्ड अस्सल आहे का, हे बघायला आधी पट्टी घ्या. १९५१-५२ चं पार्कहर्स्ट साधारण पावणेदोन बाय अडीच इंच असतं. तुमचं अडीच बाय साडेतीन इंच भरलं तर ते नंतरच्या काळातलं. बॅरिलकोचं एक कार्ड १९९१ च्या सुमारास प्रो सेट या कंपनीनंही काढलं होतं. लहान मापाचं असेल तर कडा कापू नका, पुसू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.