कायद्यातले दोन शब्द : 'रेल्वे सोडून'

मालगाडीचे टाकीचे डबे घसरले, ॲसिड ओढ्यातून तुमच्या विहिरीत उतरलं, दोन म्हशी दगावल्या, डाळिंबाची बाग करपली. याला आता चार वर्षं आठ महिने झाले. जिल्हाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज 'या कायद्यात बसत नाही' असा शेरा मारून परत आला, आणि तुम्ही विचारताय की अपील कुठे करायचं.

अपील करू नका. शेरा बरोबर आहे.

तुमचा अर्ज १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली होता. भोपाळनंतर आलेला हा कायदा चूक कोणाची हे सिद्ध करायला न लावता तातडीची मदत देतो, म्हणून गळती झाली की जो तो तिकडेच धावतो. त्यात घातक पदार्थाची वाहनातून होणारी वाहतूकही येते. पण 'वाहन' म्हणजे काय? जमिनीवरून वाहतूक करणारं कोणतंही साधन, रेल्वे सोडून. हेच ॲसिड महामार्गावर टँकर उलटून सांडलं असतं तर तुम्ही कायद्याच्या आत होतात. अर्ज लिहून देणाऱ्याने व्याख्यांचं पान उलटलं नाही, आणि तुम्हीही चार वर्षं एकाच टेबलावरच्या फाइलीची वाट पाहत बसलात.

आता कोणीतरी रेल्वे दावा न्यायाधिकरणाचं नाव सुचवेल. तिथेही जाऊ नका. रेल्वे कायद्याचं कलम १२४ प्रवासी गाडीच्या अपघातासाठी आहे. तुमची मालगाडी होती.

तुमची जागा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पुण्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ. अर्ज या न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १५ खालीच हवा, ते भरपाईचं कलम आहे. कलम १४ पर्यावरणाच्या इतर वादांसाठी, त्याची मुदत सहा महिन्यांची, ती केव्हाच संपली. घाईत तेच कलम टाकलेले अर्ज मी पाहिलेत. कलम १५ ला पाच वर्षं मिळतात आणि पुरेसं कारण दाखवलं तर वर ६० दिवस, त्यापुढे काही नाही. विहिरीचं पाणी अजून खराब आहे म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कायद्यात कारण 'पहिल्यांदा' घडल्याची तारीख धरली आहे. चुकीच्या दारात गेलेला काळ वजा करून मागता येतो म्हणतात. त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. तुमच्या हातात चार महिने आहेत, दोन समजा.

समोरचे वकील तिथेही 'रेल्वे सोडून'चा मुद्दा काढतील. म्हणून सगळा भार 'अपघात' या एका शब्दावर ठेवू नका. ओढा आणि विहीर दूषित झाली, म्हणजे १९७४ चा जल प्रदूषण कायदा लागू होतो, आणि तो २०१० च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे हे न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालची प्रकरणं ऐकतं त्यांच्या यादीत आहे. दुभती जनावरं आणि फळबागांची भरपाई दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कशाकशाची भरपाई मागता येते त्या यादीत आहे. प्रतिवादी दोन करा: रेल्वे आणि माल पाठवणारा कारखाना. कारखान्याचं नाव माल पाठवताना रेल्वेने दिलेल्या पावतीवर असतं. माहिती अधिकारात मागा. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, तेव्हा आकडा फुगवू नका.

रक्कम किती मिळेल हे मी सांगणार नाही. पंचनामा, जनावरांच्या डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल, त्या आठवड्यातला पाण्याचा नमुना, त्या हंगामाच्या पीकनोंदीचा सातबारा, यातलं काय हाती आहे त्यावर ते ठरेल. आज घेतलेला नमुना चार वर्षांपूर्वीचं ॲसिड कितपत सिद्ध करेल, याची मला शंका आहे.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत. दहा हजार रुपये घेऊन 'काही तक्रार नाही' अशा कागदावर अंगठा दिलात. तो कागद कोणी लिहिला, पैसे कोणाकडून आले, त्यात नेमके कोणते शब्द आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. त्याची प्रत मिळवा. मिळायला उशीर झाला तर अर्ज तिच्याशिवाय दाखल करा, पण अंगठ्याची गोष्ट अर्जात स्वतःहून लिहा.